फिल्टर कंडेन्सर दरसाली का जातो?

माळ्यावरून जुना व्हॉल्व्ह रेडिओ खाली आला की घरातलं कुणीतरी फडक्यानं धूळ पुसतं आणि लगेच त्याची पिन सॉकेटमध्ये घालतं. ‘चालतोय का बघू तरी.’ कृपा करून असं करू नका. या एका उत्सुकतेपायी चांगले, जिवंत मेन ट्रान्सफॉर्मर जळलेले मी पाहिले आहेत, आणि त्या सेटचा दुसरा ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळत नाही. पुन्हा गुंडाळून देणारे वायंडर अजून आहेत, पण ते काम वेळ खातं, पैसेही खातं, आणि मूळ बांधणीतला नीटनेटकेपणा क्वचितच परत येतो.

दोष असतो तो फिल्टर कंडेन्सरचा, म्हणजे एसीपासून बनवलेल्या डीसीतले चढउतार गाळून ती सपाट करणाऱ्या कंडेन्सरचा. या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत अॅल्युमिनिअमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तो थर हेच त्याचं इन्सुलेशन. वीज मिळत असते तोवर थर टिकतो, स्वतःला थोडाफार दुरुस्तही करत राहतो. सेट वीस-तीस वर्षं पडून राहिला की थर कमकुवत होतो आणि आतला ओलावा सुकतो. अशा कंडेन्सरवर एकाएकी ३०० व्होल्ट आले तर त्यातून भरमसाठ करंट गळतो. तो येतो रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हमधून, आणि रेक्टिफायरला तो पुरवतं ट्रान्सफॉर्मरचं एच.टी. (हाय टेन्शन, म्हणजे जास्त व्होल्टेजचं) वायंडिंग. म्हणजे दहा मिनिटांत तिघांचाही जीव जाऊ शकतो.

मी मिरजेच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. जुने रेडिओ दुरुस्त करण्याची आवड तिथेच लागली आणि निवृत्तीनंतर तेच काम मनापासून करते. आता आसपासच्या गावांतून लोक सेट घेऊन येतात. त्यातल्याच एका सेटबद्दल आज सविस्तर लिहायचं आहे, कारण त्याचा बिघाड पॉवर सप्लायमध्ये होता आणि दुरुस्ती करणाऱ्यांना तो अनेक वर्षं दिसलाच नव्हता.

शिरोळहून एक गृहस्थ आले. वडिलांनी घेतलेला पाच व्हॉल्व्हचा एसी सेट, लाकडी कॅबिनेट, पियानोसारखी बटणं. म्हणाले, “ताई, दरसाली याचा कंडेन्सर बदलतोय बघा. दिवाळीला घातला की पुढच्या पावसापर्यंत हमिंग सुरू. मेकॅनिक म्हणतो, आता माल चांगला येत नाही.”

माल वाईट येतो हे मला पटत नाही. नकली आणि जुना साठा विकला जातो हे खरं, पण चांगल्या कंपनीचा, १०५ अंश तापमानापर्यंत चालणारा कंडेन्सर नीट वापरला तर कित्येक वर्षं टिकतो. तो वर्षात मरत असेल तर त्याला कुणीतरी मारतंय. नवा घालण्याआधी ते शोधायला हवं.

सेट उघडण्याआधी मी मागच्या पुठ्ठ्यावरची किंवा चेसिसवरची (आतल्या धातूच्या सांगाड्यावरची) व्हॉल्व्हची नावं वाचते. नाव ‘ई’नं सुरू होत असेल, ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएबीसी ८०, ईएल ८४, तर त्याचा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टचा. सगळे हीटर समांतर जोडलेले, म्हणजे सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर असणार. नाव ‘यू’नं सुरू होत असेल, यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५, तर हीटर १०० मिलिअँपचे आणि एकामागोमाग एक ओळीनं जोडलेले. हे एसी-डीसी सेट. काही शहरांत एकेकाळी डीसी वीज होती आणि ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही, म्हणून ही रचना आली. ट्रान्सफॉर्मर वाचल्यामुळे सेट स्वस्तही पडायचा. पण यात मेनची एक वायर सरळ चेसिसला असते. दोन पिनांचा प्लग उलटा घातला की अख्खं चेसिस फेजवर. म्हणूनच त्या सेटांच्या खुंट्यांचे (फिरवायच्या नॉबचे) स्क्रू खोल बसवून वर मेण भरलेलं असतं. ते मेण कुणी काढून टाकलं असेल तर आधी परत भरा. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेनपासून पूर्ण वेगळा ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) टेबलावर उघडा चालवू नका, आणि त्याला मोबाइल किंवा दुसरं काही वायरनं जोडायचा विचारही करू नका. डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे, हे इथेच सांगून ठेवते. डिमरस्टॅट व्होल्टेज कमी-जास्त करतो, पण त्याचं वायंडिंग एकच असतं. फेज जिथल्या तिथे राहतो.

शिरोळचा सेट ‘ई’ मालिकेतला निघाला. रेक्टिफायरच्या जागी पुठ्ठ्यावर ईझेड ८० छापलेलं. चेसिसवर मात्र त्या जागी व्हॉल्व्हच नव्हता, नुसता रिकामा सॉकेट.

पुढची पायरी थंड तपासणी. प्लग भिंतीत नाही, हातात मीटर. माझ्याकडे मोटवानेचा सुईवाला मल्टिमीटर आहे आणि या कामाला मी तोच घेते. प्लगच्या दोन पिनांमध्ये, स्विच चालू करून, ३६ ओम. मेनचं वायंडिंग शाबूत. एच.टी.च्या मधल्या टोकापासून एका बाजूला २१० ओम, दुसऱ्या बाजूला २२४. हा फरक बघून नवशिके घाबरतात. तो असायलाच हवा, कारण बाहेरच्या अर्ध्या भागातला प्रत्येक वेढा आतल्यापेक्षा मोठा असतो, तार जास्त लागते. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असलेला ट्रान्सफॉर्मर मला अजून भेटलेला नाही. हीटरचं वायंडिंग एक ओमच्या आत. प्लग ते चेसिस ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) मात्र सुई खूप खाली आली, म्हणजे कुठेतरी गळती.

त्याचं कारण लगेच सापडलं. मेन आणि चेसिसच्या मध्ये जोडलेला जुना मेणकागदी कंडेन्सर. कितीतरी घरांत ‘रेडिओला हात लावला की मुंग्या येतात’ ही तक्रार असते, ती बहुधा याच कंडेन्सरची. तो गळका झाला की मेनची वीज चेसिसवर, तिथून खुंटीच्या स्क्रूवर, तिथून बोटावर. इथे साधा कंडेन्सर अजिबात चालत नाही, भले त्यावर ६३० व्होल्ट छापलेलं असो. वाय२ वर्गाचाच घ्यायचा, कारण निकामी होताना शॉर्ट होणार नाही अशी त्याची बांधणी असते. मी जुना कापून काढला, मेगर पुन्हा लावला, सुई वर गेली आणि वरच राहिली. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन ठीक. जागेवर ४.७ नॅनोफॅरडचा वाय२ बसवला.

आता चेसिस उलटं करून खालची बाजू. रिकाम्या सॉकेटच्या १ आणि ७ नंबरच्या पिनांवरून दोन डायोड निघून ३ नंबरच्या पिनेवर मिळालेले. बीवाय १२७. सोल्डरिंग जुनं, स्वच्छ, हात सरावलेला. म्हणजे कधीतरी ईझेड ८० कमजोर झाला, नवा मिळेना, आणि कुणीतरी त्याच्या जागी डायोड घातले. त्या काळी गावोगावी हेच करत. दोष देण्यासारखं त्यात काही नाही. घरचा रेडिओ चालू राहिला. पण डायोड आणि व्हॉल्व्ह एकसारखे वागत नाहीत, आणि दरसालच्या कंडेन्सरचं कोडं त्या फरकातच दडलेलं होतं.

ईझेड ८० मधून करंट जाताना त्याच्यावरच वीस-पंचवीस व्होल्ट पडतात. डायोडवर एक व्होल्टसुद्धा पडत नाही. म्हणजे डायोड घातला की एच.टी. (रेक्टिफायरनंतरची डीसी) लगेच वाढते. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दुसरी गोष्ट लक्षात येत नाही. ईझेड ८० चा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) हीटरनं हळूहळू तापतो. बाकीचे व्हॉल्व्हही त्याच वेगानं तापत असतात. त्यामुळे एच.टी. चढते तेव्हा ती वापरणारे व्हॉल्व्ह जागे झालेले असतात, आणि कंडेन्सरवर कधीच फार चढत नाही. डायोडला तापायचं नसतं. स्विच दाबला त्या क्षणी तो काम सुरू करतो, पण बाकीचे व्हॉल्व्ह अजून पंधरा-वीस सेकंद थंडच असतात. कुणी करंट घेत नाही. अशा वेळी फिल्टर कंडेन्सर एसीच्या शिखरापर्यंत चार्ज होतो.

ते शिखर किती? ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्टचा. २५० ला १.४१४ नं गुणलं की ३५३. आता मागचा मेन व्होल्टेजचा सिलेक्टर बघितला तर तो २२० वर. शेजारीच २४५ चं घर मोकळं. आमच्याकडे मीटरवर २४० सहज दिसतात. २२० च्या टॅपवर २४० दिले की सगळंच नऊ टक्क्यांनी वाढतं: २५० चे २७३ होतात, शिखर ३८६. रात्री गाव झोपल्यावर वीज २५० पर्यंत चढली तर ४०० च्या पुढे. आणि खाली लावलेल्या कंडेन्सरवर छापलेलं होतं ५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट.

रोज सकाळी बातम्या ऐकायला स्विच दाबला की पंधरा-वीस सेकंद त्या कंडेन्सरवर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त व्होल्टेज. नंतर व्हॉल्व्ह तापले की ते ३२५ च्या आसपास उतरणार, मेकॅनिक तेव्हाच मीटर लावणार आणि ‘३५० च्या आत आहे की’ म्हणणार. बिघाड स्विच दाबल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत घडत होता, आणि मोजणी नेहमी त्यानंतर होत होती.

हीटरचंही तेच. ६.३ ऐवजी ७ व्होल्ट. एक तर टॅप चुकीचा, त्यात ईझेड ८० काढल्यामुळे त्याचा ०.६ अँपचा भार हीटरच्या वायंडिंगवरून गेलेला. जास्त तापलेला कॅथोड लवकर म्हातारा होतो. त्या गृहस्थांनी मध्ये दोनदा आउटपुट व्हॉल्व्हही (स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह) बदलला होता, त्यामागे हे असणार अशी माझी खात्री आहे.

फ्यूजबद्दल एकच ओळ: त्याच्या जागी तांब्याची जाड तार होती, मी ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो बसवला.

दुरुस्तीत काय करायचं यावर मतं असतात. माझं मत असं की मूळचा रेक्टिफायर मिळत असेल तर तोच घालावा. ईझेड ८० अजून मिळतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून बेंगळुरूत रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले आणि त्यांचे न वापरलेले, खोक्यातले नग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास शोधले तर हाती लागतात; जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गेलं तर जुन्या सेटांतून काढलेलेही मिळतात. माझ्याकडे एक नग होता, तो दिला. अगदीच मिळाला नाही तर डायोडसुद्धा चालतील, पण मग त्यांच्यामागे दोन-तीनशे ओमचा दहा वॅटचा रेझिस्टर हवा, नक्की किती तो एच.टी. मोजून ठरवायचा, आणि कंडेन्सर ४५० व्होल्टचाच हवा. रेझिस्टरनं चालू स्थितीतली एच.टी. खाली येते, सुरुवातीच्या थंड सेकंदांत मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तेव्हा करंटच जवळपास नसतो. तिथे ४५० व्होल्टचा कंडेन्सरच वाचवतो.

नवे कंडेन्सर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे घेतले. कुणी सुचवतात की १०० किंवा २२० चा घाला, हमिंग पार जाईल. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या लगेच पुढे असं करू नका. ईझेड ८० ला पुढे ५० मायक्रोफॅरडपर्यंतच कंडेन्सर चालतो. जास्त मोठा घातला की दर अर्ध्या फेऱ्यात तो भरून काढायला करंटचे जे ठोके बसतात ते कॅथोडला झेपत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात, रेझिस्टरच्या पलीकडे, थोडी मोकळीक असते.

आणखी एक गोष्ट, जी बघितल्याशिवाय सोल्डरचा डाग देऊ नये. फिल्टर कंडेन्सरची निगेटिव्ह बाजू नेहमी चेसिसलाच असते असं नाही. बऱ्याच सेटांत एच.टी. वायंडिंगचं मधलं टोक एका छोट्या रेझिस्टरमधून चेसिसला जातं, आणि त्या रेझिस्टरवर पडणारे उणे व्होल्ट आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या जाळीला) बायस, म्हणजे करंट मर्यादेत ठेवणारं व्होल्टेज, म्हणून दिलेले असतात. अशा सेटात कंडेन्सरच्या डब्याखाली इन्सुलेशनची चकती असते. ती चकती दिसली की थांबा आणि वायर कुठे जाते ते बघा. निगेटिव्ह चेसिसला जोडून टाकली तर बायस नाहीसा होतो, आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. शिरोळच्या सेटात बायस कॅथोड रेझिस्टरनं होता, त्यामुळे ही अडचण आली नाही.

जुना अॅल्युमिनिअमचा डबा मी वर तसाच ठेवते, शोभा जाऊ नये म्हणून, पण त्याच्या सगळ्या वायरी काढून. जुन्याला समांतर नवा लावायची सवय वाईट आहे. जुना गळत असेल तर नव्यानं तो थांबत नाही.

मूळ कंडेन्सर राखायचाच असेल, एखाद्या संग्रहातल्या सेटात तसा आग्रह असतो, तर त्याला सेटच्या बाहेर पुन्हा तयार करावं लागतं. वेगळ्या डीसी सप्लायवरून ४७ किलोओमच्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवायचं आणि रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात ते बघत राहायचं. ४.७ व्होल्ट म्हणजे ०.१ मिलिअँप गळती. आकडा उतरत असेल तर थर पुन्हा बनतोय. तासाभरानंतरही तिथेच अडला असेल तर कंडेन्सर गेला. हेच काम सेट डिमरस्टॅटवर लावून दिवसभर हळूहळू चढवून होतं असं लोक सांगतात. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर ते होत नाही. अर्ध्याहून कमी व्होल्टेजवर ईझेड ८० चा कॅथोड तापतच नाही, त्यामुळे कंडेन्सरला काहीच मिळत नाही. मग तो तापू लागला की थोड्याशा जागेत एच.टी. झपाट्यानं चढते. दिवसभराच्या धीराचा उपयोग शून्य.

पहिल्यांदा वीज द्यायची ती नेहमी सिरीज बोर्डवरून. साधा पिवळा १०० वॅटचा बल्ब सेटच्या ओळीत. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा. दुकानदाराकडे राहिले असतील तर दोन-चार घेऊन ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटलेलाच राहतो, सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो, सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. आधी ईझेड ८० काढून ठेवला होता, सिलेक्टर २४५ वर. बल्ब मंद, डायलचे दिवे मंद. मग बल्ब बाजूला करून सरळ मेन. हीटर ६.२ व्होल्ट. ईझेडच्या १ आणि ७ नंबरच्या पिनांवर एसी २६० आणि २६१. भार नसताना थोडं जास्त दाखवणारच. तासभर असाच ठेवून, बंद करून, ट्रान्सफॉर्मरला हात लावला. कोमट होता. आत एखादा वेढा शॉर्ट असता तर भाराविनाच तो चटका देण्याइतका तापला असता. ही परीक्षा फुकटची आहे आणि तिच्याइतकी खात्रीची दुसरी मला माहीत नाही.

इथून पुढे एच.टी. जिवंत. एक हात पाठीमागे, मीटरची काळी वायर क्लिपनं चेसिसला, पायात रबरी चपला. बंद केल्यावरसुद्धा लगेच हात घालायचा नाही: ४७ मायक्रोफॅरडमध्ये ३०० व्होल्टला दोन जूलहून जास्त ऊर्जा साठते आणि ती हाताला जोराचा हिसका देते. दहा किलोओम, पाच वॅटचा रेझिस्टर क्लिपांना जोडून ठेवलाय, तो पाच-सहा सेकंद कंडेन्सरवर धरायचा, मग मीटर लावून शून्य बघायचं, मगच बोटं. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढणं मला अजिबात पसंत नाही. नव्या कंडेन्सरलाही त्याचा धक्का बसतो.

ईझेड ८० बसवला. सुई पंधरा सेकंद शून्यावर, मग सावकाश वर. हे बघायला मला मनापासून आवडतं. अपेक्षा होती २५८-२६० ची. सुई थांबली २४३ वर.

पंधरा व्होल्ट कमी. नवा कंडेन्सर, चांगला व्हॉल्व्ह, योग्य टॅप, तरी कमी. अशा वेळी पॉवर सप्लायला दोष देत बसायचं नाही. करंट कोण जास्त ओढतोय ते बघायचं. पाच व्हॉल्व्हच्या सेटात एच.टी.चा दोन-तृतीयांश करंट एकटा आउटपुट व्हॉल्व्ह घेतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. ईएल ८४ ची ३ नंबरची पिन, म्हणजे कॅथोड, खाली १५० ओमचा रेझिस्टर. तिथे सुमारे ७.२ व्होल्ट हवेत, म्हणजे ४८ मिलिअँप. होते ९.८. म्हणजे ६५ मिलिअँप. ओढ सतरा मिलिअँपनी जास्त, आणि सगळ्या सेटची मिळून ईझेड ८० च्या ९० मिलिअँपच्या मर्यादेपलीकडे.

मग २ नंबरची पिन, ग्रिड. इथे शून्य हवं. या जागी सुईवाला मीटर उपयोगाचा नाही, तो स्वतःच एवढा करंट घेतो की व्होल्टेज खाली बसतं, डिजिटल लावला. अधिक ३.९ व्होल्ट. ग्रिडवर धन व्होल्टेज यायची नेहमीची वाट: आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून येणारा कपलिंग कंडेन्सर. काढून साध्या ओम रेंजवर मोजला तर चांगला दाखवत होता, कारण मीटर त्याला दीड ते नऊ व्होल्टच देतो. गळती दिसते ती सत्तर-ऐंशी व्होल्टवर. याचं मूळ वय सेटच्या वयाएवढं, आणि आजवर कुणी त्याला हात लावला नव्हता, कारण हमिंग म्हटलं की सगळ्यांचं लक्ष फिल्टरवरच जातं. त्याच मूल्याचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर घातला. ग्रिड शून्य, कॅथोड ७.१, एच.टी. २५७.

हमिंग कानानं ओळखता येतं, त्याबद्दल थोडं. आपली वीज ५० हर्ट्झची. दोन्ही अर्ध्या फेऱ्यांचं रेक्टिफिकेशन असेल तर फिल्टरमधून सुटणारी घरघर १०० हर्ट्झची असते. मी पेटी वाजवते, त्यामुळे मला ती खर्जातल्या पांढरी पाचच्या केसभर वर ऐकू येते. तोच सूर एक सप्तक खाली ऐकू आला तर तो ५० हर्ट्झचा. मग फिल्टर बदलून उपयोग नाही. कुठल्या तरी व्हॉल्व्हमध्ये हीटर आणि कॅथोडमध्ये गळती आहे, किंवा रेक्टिफायरची एक बाजू मेली आहे, किंवा व्हॉल्यूम कंट्रोलकडे जाणाऱ्या वायरची शील्ड सुटली आहे. आवाज पूर्ण कमी केल्यावर घरघर कमी झाली तर ती कंट्रोलच्या आधीची, तशीच राहिली तर नंतरची. एवढं ऐकून घेतलं तरी अर्धी शोधाशोध वाचते. या सेटात १०० हर्ट्झची हलकी घरघर स्पीकरला कान लावला तरच कळत होती. दुसऱ्या कंडेन्सरवर एसी मोजला, ०.१५ व्होल्ट. इतकं राहणारच.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरही लोक आणतात. त्यांची रीत वेगळी, पण क्रम हाच: आधी अॅम्प्लिफायरच्या बोर्डाचे फ्यूज काढून एकटा सप्लाय तपासायचा, धन आणि ऋण दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघायचं, आणि स्पीकरच्या टोकांवर डीसी नाही याची खात्री झाल्याशिवाय स्पीकर जोडायचा नाही. त्यावर वेगळं लिहीन.

सेट दोन संध्याकाळी सलग चालवून परत दिला. कॅबिनेटच्या आत एक कागद चिकटवला आहे: दुरुस्तीची तारीख, सिलेक्टर २४५ वरच ठेवावा, रेक्टिफायर ईझेड ८०, फ्यूज ५०० मिलिअँप, एच.टी. २५७, ईएल ८४ चा कॅथोड ७.१. पुढे कधी कुणी उघडेल त्याला कशाशी ताडून बघायचं ते कळेल. गृहस्थांना सांगितलं, महिन्यातून एकदा तरी तासभर लावत जा. ते म्हणाले, “ताई, आमच्यात तो रोज सकाळी लागतो.” मग तर चिंताच नाही. काढलेले दोन्ही बीवाय १२७ त्यांना कागदात बांधून परत दिले. ते चांगले आहेत, कुठेतरी उपयोगी पडतील.